जुनं सचित्र निसर्गविषयक किंवा बागकामाचं पुस्तक घेताना काय तपासावं?

आधी चित्रं मोजा, बाकी सगळं नंतर. पक्षी-फुलांच्या जुन्या पुस्तकांतली रंगीत पानं काढून, चौकटीत बसवून विकण्याचा धंदा फार जुना आहे. त्यामुळे बांधणी शाबूत दिसली तरी आतली दोन-चार चित्रं गायब असू शकतात. चित्रसूची असेल तर एकेक पान तिच्याशी ताडून पाहा. नसेल तर त्याच आवृत्तीची एखाद्या मोठ्या ग्रंथालयातली नोंद शोधा.

मग भिंग काढा. ठरावीक अंतरावरचे बारीक ठिपके दिसले तर ती यांत्रिक छपाई, बहुधा नंतरची. हाताने रंगवलेल्या चित्रात रंग कुठेतरी रेषेबाहेर गेलेला असतो, आणि तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं असेल तर पत्र्याच्या कडेचा दाब बोटाला जाणवतो. पण हातरंग म्हणजे पुस्तक फार जुनंच, असं मात्र नाही. १७८७ मध्ये सुरू झालेल्या ‘कर्टिस बोटॅनिकल मॅगझिन’ या वनस्पतींवरच्या इंग्रजी नियतकालिकाची चित्रं १९४८ पर्यंत हातानेच रंगवत होते!

तपकिरी डागांना मी फारसा घाबरत नाही, कसरीच्या भोकांना घाबरतो. एकोणिसाव्या शतकातली झगझगीत हिरवी कापडी बांधणी जपून हाताळा. त्या रंगात आर्सेनिक हे विष असू शकतं. नंतर हात धुवा.

बागकामाच्या पुस्तकांचं म्हणाल तर, समासात आधीच्या मालकाने पेन्सिलीने पेरणीच्या तारखा टिपलेली प्रत मला कोऱ्या प्रतीपेक्षा जास्त आवडते. फक्त त्यातल्या कीडनाशकांच्या कृती करून बघू नका.