आयव्हीएफमध्ये गर्भ तिसऱ्या दिवशी थांबले, आता लॅबबद्दल काय विचारावं?

ताई, पुण्यातल्या आयव्हीएफच्या पहिल्या सायकलमध्ये, म्हणजे उपचाराच्या पहिल्या फेरीत, तुमच्या सहाही गर्भांची वाढ तिसऱ्या दिवशी थांबली आणि आता तुम्ही विचारताय, दोष लॅबचा होता का. मी इथेच एम्ब्रिओलॉजिस्ट म्हणून, म्हणजे लॅबमध्ये गर्भ वाढवणारी तज्ज्ञ म्हणून, काम करते.

सुरुवातीला गर्भ बीजांडातल्या शिदोरीवर वाढतो. चार ते आठ पेशी झाल्या की त्याची स्वतःची जनुकं कामाला लागतात. नेमके तिथेच पुष्कळ गर्भ अडतात, उत्तम लॅबमध्येसुद्धा. तुमच्या खाण्यापिण्याचा किंवा धावपळीचा त्यात दोष शोधत बसू नका.

तरी लॅबला विचारायलाच हवं. पहिला प्रश्न: मीडियाचा, म्हणजे गर्भ ज्या पोषक द्रवात वाढवतात त्याचा, पीएच (आम्लता) मोजता का, शेवटचा कधी मोजला? पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहाएक टक्के कमी. पीएच ठरतो तो इन्क्युबेटरमधल्या (गर्भ ठेवतात त्या उबदार पेटीतल्या) कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर, पेटीच्या पडद्यावरच्या टक्केवारीवर नाही. मुंबईत ६ टक्क्यांवर जे साधतं, त्याला इथे सुमारे ६.४ लागतात. मी नवी असताना एका लॅबमध्ये इन्क्युबेटर बसवला तेव्हाचाच कार्बन डायऑक्साइडचा आकडा वर्षभर तसाच होता. मोजलं, तर पीएच ७.४ च्या वर, म्हणजे हवा त्यापेक्षा जास्त. त्या वर्षातल्या डिशेस आठवल्या की अजूनही जीव तुटतो.

दुसरं, इन्क्युबेटरमध्ये ऑक्सिजन ५ टक्के ठेवतात का? बाहेरच्या हवेत तो २१ टक्के असतो, गर्भनलिकेत त्याहून खूपच कमी. ज्या लॅबमध्ये अजून हवेइतकाच ऑक्सिजन चालतो, तिथे मी माझ्या बहिणीला पाठवणार नाही.

टाइम-लॅप्ससाठी, म्हणजे इन्क्युबेटरमधल्या कॅमेऱ्याने गर्भाचे सतत फोटो घेण्यासाठी, जास्तीचे पैसे मागितले, तर घाई करू नका. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या चाचणीत त्याने बाळ होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. शेजारी रंगकाम किंवा फर्निचरचं काम चालू आहे का, हे मात्र जरूर बघा. ती वाफ मीडियावरच्या तेलात उतरते.

आणि मागच्या सायकलचा गर्भांचा दिवसवार अहवाल मागून घ्या, तो मिळणं तुमचा हक्क आहे. दुसऱ्या दिवशी किती पेशी होत्या, पेशींचे तुकडे किती पडले होते, एवढं नाव न लिहिता इथे टाकलंत तरी मी नीट वाचून सांगेन.