कॉमेंटरी ऐकायला सुरुवात करतोयस तर हे वाच

अरे, आधी पिक्चर एकदा नीट बघून घे आणि मगच कॉमेंटरी (पिक्चर चालू असताना डायरेक्टर वगैरे मंडळी त्यावर गप्पा मारतात तो वेगळा ऑडिओ ट्रॅक) लाव, नाहीतर ना धड पिक्चर कळणार ना गप्पा. सबटायटल चालू ठेव, डायलॉग मागे एकदम बारीक होतात.

चांगली कुठली ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं. डायरेक्टर नुसता "हा काय भारी माणूस, ती काय गोड" करत बसला किंवा पडद्यावर दिसतंय तेच सांगायला लागला (आता तो दार उघडतोय... अरे दिसतंय की!) तर सरळ बंद कर, पुढे सहसा सुधारत नाही. मला चुका कबूल करणारे आवडतात. म्हणजे बघ, उन्हातला सीन, मध्येच ढग आले, मग हिरोचा क्लोजअप दुसऱ्या दिवशी भिंतीला टेकवून घेतला आणि एडिटिंगला बेमालूम जोडला, हे एकदा ऐकलं की परत बघताना तुझी नजर आपोआप त्याच्या नाकाच्या सावलीवर जाते.

डायरेक्टर एकटाच असला की मध्येमध्ये गप्प होतो, स्वतःचाच पिक्चर बघत बसतो बहुतेक. सोबत कॅमेरामन किंवा एडिटर असेल तर मजा, "नाही रे, तो शॉट तुला नकोच होता" असं कोणीतरी टोकतं आणि खरं बाहेर येतं.

आणि अभ्यासकांच्या ट्रॅकला नाकं मुरडू नकोस, 1984 ला 'किंग काँग'च्या लेझरडिस्कवर (डीव्हीडीच्या आधीची मोठी तबकडी) पहिली कॉमेंटरी आली ती रोनाल्ड हेवर या अभ्यासकाचीच होती, डायरेक्टरची नाही.