टिप्परची काळी माती: वरची की खालची?

प्रश्न: बेसा भागात घर बांधलं. मागे लिंबू, जास्वंद आणि थोडी भाजी लावायचा विचार करते आहे. माती टाकणारा म्हणतो, ‘एक नंबर काळी, शेतातली वरची माती.’ दोन ब्रास घ्यायची आहे. दर्जा कसा ओळखायचा?
— एक वाचक, नागपूर

उत्तर: ताई, माती कुठून उचलली ते आधी विचारा. नागपुरात जिकडेतिकडे पाये खोदणं चालू आहे आणि चार फुटांखालची मातीही काळीच निघते. वरची माती म्हणजे साधारण वरचा 15 ते 20 सेंटिमीटरचा थर: नांगर फिरलेला, मुळं आणि पालापाचोळा कुजलेला, गांडुळं असलेला. पायातून निघालेल्या मातीत यातलं काही नसतं.

रंगावर तर जाऊच नका. बेसॉल्टपासून झालेली आपली माती काळीभोर दिसते, पण तिच्यात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातून, मुळांतून आलेला कार्बन) अर्ध्या टक्क्याहूनही कमी असू शकतो. आपल्याकडे 0.5 टक्क्याखाली कमी, 0.75 पर्यंत मध्यम आणि त्यावर जास्त असं धरतात. भाजीसाठी मी हा आकडा सगळ्यात आधी बघतो.

‘भारी’ माती म्हणजे चांगली माती, हाही गैरसमजच. भारी म्हणजे चिकण, म्हणजे अगदी बारीक चिकट कण, जास्त. माझी सगळी नोकरी विदर्भातल्या माती तपासण्यात गेली. भंडारा-चंद्रपूरकडचे शेतकरी कन्हार, मोरांड, सिहार, बरडी अशी वर्गवारी सांगतात. एका नावात पोत, खोली, पाणी धरायची ताकद सगळं येतं. पण कन्हार, म्हणजे त्यातली भारी काळी माती, धानाला मानवते म्हणून तुमच्या लिंबाला मानवेल असं नाही. लिंबाच्या मुळाशी पाणी तुंबलेलं चालत नाही.

आता घरी करायचं ते. ओली माती अंगठ्याने दाबत तिची पट्टी काढा. न तुटता पाच सेंटिमीटरच्या पुढे गेली तर चिकण भरपूर. कोरड्या ढेकळावर व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुनखडी आहे. अशा मातीत लिंबाला लोह मिळत नाही. शिरा हिरव्या राहून कोवळं पान पिवळं पडतं. हे एवढं दिसलं तरी टिप्पर परत पाठवा, चुनखडी काही आपल्याला काढता येत नाही. चिकणाला मात्र उपाय आहे: भरपूर कुजलेलं शेणखत, आणि लिंबासाठी उंच वाफा.

एवढे पैसे घालताच आहात तर ढिगाच्या आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. सामू (pH), क्षारता (विरघळलेले क्षार) आणि सेंद्रिय कर्ब, एवढं पुरे. सामू साडेआठच्या वर आला तर घेऊ नका. नमुना टिप्परवाल्याने आणून दिलेला नको, तुम्ही स्वतः उचला. आणि माती पावसाआधी पसरून घ्या. ओली काळी माती तुडवली की तिची ढेकळं फोडता फोडता माळी पुढच्या वेळी येणार नाही.