पंप बदलू नका, आधी लाल टाकी रिकामी करून हवा मोजा

रात्री तुमच्या घरातले सगळे नळ बंद, आणि गच्चीवरचा प्रेशर पंप दर चार-पाच मिनिटांनी दोन-तीन सेकंद घुरघुरून गप्प होतो. प्लंबर म्हणतो पंप गेला, नवीन घ्या. तुमचं हे वर्णन मी बायकोला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "हे तर आपलंच गाऱ्हाणं, तुम्ही कधी लिहिलंत?" म्हणून एवढं लांबलचक उत्तर.

आधीच सांगतो, मी प्लंबर नाही की इलेक्ट्रिशियन नाही. आयुष्यभर कचेरीत हिशेब लिहिले. नाशिकच्या आमच्या रो हाऊसमध्ये हे दुखणं आठ महिने काढलं, तेवढाच माझा अधिकार. आमची मांडणी तुमच्यासारखीच आहे: गच्चीवर हजार लिटरची टाकी, तिच्याखाली अर्ध्या एचपीचा पंप, बाजूला २४ लिटरची लाल प्रेशर टाकी, प्रेशर स्विच आणि गेज. स्विच २० ला पंप सुरू करतो, ४० ला बंद. हे आकडे पीएसआयमधले, म्हणजे दाब मोजायच्या एककातले.

एमसीबी (वीज तोडायचा स्विच) पाडणं, गाळणी साफ करणं हे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही. तुमचा पंप चालू होतो आणि वेळेवर बंदही होतो. म्हणजे त्याला हुकूम मिळतोय आणि तो पाळतोय. असा पंप बिघडलेला नसतो. दाब कुठे पळतोय आणि इतक्या लवकर का पळतोय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आमच्याकडे दोन्हींची उत्तरं वेगळी निघाली, म्हणून आठ महिने गेले.

आता माझा मूर्खपणा. लाल टाकीच्या टोकाला प्लास्टिकचं टोपण असतं, त्याखाली गाडीच्या चाकाला असते तशीच हवा भरायची पिन. टाकीवर लिहिलं होतं, हवा १.५ बार, म्हणजे साधारण २२ पीएसआय. मी मुलाच्या गाडीतला हवा मोजायचा गेज लावला, तर ३८! मी म्हटलं, सापडलं, हवा जास्त झालीय. पिन दाबून हवा सोडायला बसलो. किती सोडली तरी काटा खाली येईना. थोडा उतरायचा, तेवढ्यात पंप लागायचा, काटा पुन्हा वर. मी चिवटपणे सोडत राहिलो.

टाकीच्या आत रबरी फुगा असतो. फुग्यात पाणी आणि फुग्याबाहेर, पत्र्याच्या आत, हवा. पाईपमध्ये दाब असताना ती हवाही त्याच दाबाने आवळलेली असते. म्हणजे मी हवा मोजतच नव्हतो, पंपाचा दाबच दुसऱ्या भोकातून वाचत होतो. टाकीत चमचाभर हवा उरली असती, तरी काट्याने ३८ च दाखवलं असतं. त्या दुपारी उरलीसुरली हवा मी स्वतःच्या हाताने सोडून दिली. दुसऱ्या दिवसापासून पाच मिनिटांचं अंतर दीड मिनिटावर आलं. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. नाव लिहीत नाही, सगळीकडे हीच तऱ्हा असेल. चौथ्या फोननंतर एक गृहस्थ आले. दहा मिनिटं उभे राहिले, टाकीला हातसुद्धा लावला नाही, आणि म्हणाले, "काका, अर्धा एचपी कमी पडतोय, एक एचपी टाका." मी टाकला, साडेनऊ हजारांचा. जागा तेवढीच आणि भरणारा दुप्पट जोराचा, त्यामुळे तो एका सेकंदात भरून बंद व्हायचा. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. दिवसाला शेकड्यांनी असे झटके बसले की वाइंडिंग किती टिकणार? तीन महिन्यांत जळलं. वॉरंटीचं विचारलं तर उत्तर आलं, "व्होल्टेज फ्लक्चुएशनमुळे जळलंय, ते वॉरंटीत येत नाही." व्होल्टेज कुणी मोजलं, कधी मोजलं, काही नाही. आणि दुसऱ्या दिवशी मोबाईलवर मेसेज: तुमची तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. तो मेसेज मी अजून जपून ठेवलाय.

शेवटी वैतागून लाल टाकी खोलली. रिकामी असायला हवी ती जड लागली. स्कूटरवर पायांत धरून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली, म्हटलं हवा भर. त्याने पिन दाबली तर पिचकारीसारखं पाणी थेट त्याच्या शर्टावर. "काका, ट्यूबमध्ये पाणी भरून आणलंत काय?" त्या पोराने दोन सेकंदांत निदान केलं. फुगा फाटला होता. बाहेर हवेचा आधार नसल्याने तो ताणून ताणून पत्र्याला घासला असणार, म्हणजे तेही बहुधा माझ्याच हवासोडीचं फळ. तोंडाचे बोल्ट काढून नवीन फुगा बसवला, साडेसहाशे रुपये. (सगळ्या टाक्यांचा फुगा बदलता येत नाही, आधी तोंड बघा.)

तेव्हा तुम्ही हे करा. पंपाची एमसीबी पाडा. वरच्या टाकीकडून पंपाला येणारा व्हॉल्व्ह बंद करा, खालचा एक नळ उघडून गेजचा काटा शून्यावर येऊ द्या, आणि नळ उघडाच ठेवून हवा मोजा. पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याच्यापेक्षा साधारण २ पीएसआय कमी हवी. आमच्या २० च्या स्विचला १८. कमी असेल तर सायकलच्या पंपाने भरा, कॉम्प्रेसरची गरज नाही. पिन दाबल्यावर पाणी आलं तर फुगा गेला, हवा भरण्यात अर्थ नाही.

दुसरी परीक्षा बादलीची. ही माझी मी शोधली, म्हणून जरा जास्त कौतुक. पंप ४० ला बंद झाला की लगेच एमसीबी पाडा आणि एक नळ उघडून काटा २० वर येईपर्यंत निघालेलं पाणी बादलीत मोजा. हवा बरोबर असलेल्या २४ लिटरच्या टाकीतून सात-आठ लिटर निघायला हवं. हो, २४ लिटर नाही, ती निव्वळ टाकीची साईझ. आमच्या बादलीत अर्धा लिटरसुद्धा आलं नव्हतं. आता गणित बघा. अर्धा लिटर पाच मिनिटांत गळतं म्हणजे तासाला सहा लिटर. तीच गळती चांगल्या टाकीवर असती तर पंप तास-सव्वा तासाने एकदा लागला असता आणि आमच्या कानावरही आला नसता. थोडक्यात, आमची गळती लहानच होती, आजारी टाकीने तिचा तमाशा केला.

गळती शोधायला लाल टाकीच्या पुढचा, घरात जाणारा व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास गेजकडे बघत बसा. काटा स्थिर राहिला तर दोष घरात. उतरत राहिला तर दोष गच्चीवर, आणि तिथे पहिला संशयित एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. त्यात टेफ्लॉनचा तुकडा किंवा पाईप कापल्याचा कीस अडकला की पाणी पंपातून उलटं वरच्या टाकीत जातं. कुठेही ओल नाही, पाणीबिल वाढत नाही, आणि माणूस वेडा होतो. खात्री करायची तर एमसीबी पाडून वरच्या टाकीकडचाही व्हॉल्व्ह बंद करा. काटा उतरायचा थांबला तर एनआरव्हीच.

आमच्या घरात गळत होता फ्लश टँक. रात्री टँकमध्ये नीळ टाकली, कुणी फ्लश करायचा नाही असा हुकूम काढला, वीस मिनिटांत भांड्यात निळी रेघ. साठ रुपयांचं वायसर. आरओचं सांडपाणी मशीन बंद असतानाही वाहतंय का तेही बघा.

एक चोर मात्र कुणाला सुचत नाही, तो मिक्सर. गार पाणी प्रेशर पंपाचं आणि गरम पाणी सोलरचं, म्हणजे नुसत्या उताराचं, असं असेल आणि हँड शॉवर त्याच्या बटणावर बंद करून मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवल्या असतील, तर गार पाणी मिक्सरमधून गरम लाईनीत घुसून गच्चीवर परत जातं. शेजाऱ्यांकडे हेच होतं. त्यांनी तर बाथरूमच्या फरशा फोडायचं ठरवलं होतं.

प्रेशर स्विचच्या आतले नट फिरवून पंप उशिरा सुरू करायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. माझं स्पष्ट मत, हात लावू नका. अंतर वाढेल, दुखणं तिथेच राहील, आणि झाकणाखाली चालू करंटचे टोक उघडे असतात. मोटरचा कपॅसिटरही एमसीबी पाडल्यावर काही वेळ झटका देऊ शकतो. वायरिंगचं काम माहितगाराकडूनच.

तुमच्याकडे लाल टाकीऐवजी पंपावर नुसता इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असेल, तर वरचं हवेचं सगळं पुराण तुमच्या कामाचं नाही, थेट एनआरव्ही आणि फ्लश टँककडे जा. पण तुम्ही लाल टाकी लिहिलंय, म्हणून हा पसारा.

आज रात्री बादलीत किती लिटर आलं आणि रिकाम्या टाकीत गेजने हवा किती दाखवली ते लिहा. तोवर प्लंबरला नव्या पंपाचा ॲडव्हान्स देऊ नका.