डीएसडीएनए वाढलं म्हणजे किडनीचा ल्युपस परत उठला असं समजायचं का?

तुम्ही लिहिलंय की बहिणीला ल्युपस नेफ्रायटिस आहे (ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, इथे किडनीवर), दोन वर्षं सगळं शांत होतं, आता डीएसडीएनए (रक्तातली ल्युपसची अँटिबॉडी) दुप्पट आलंय पण लघवी साफ आहे, मग गोळ्या वाढवायच्या का.

नुसत्या डीएसडीएनएवर नाही वाढवत. काही जणांचं ते वर्षानुवर्षं चढलेलंच असतं आणि किडनीला काही नसतं. माझं दोनदा असंच चढलं होतं, तेव्हा आमच्या मोठ्या दिरांनी घर डोक्यावर घेतलं, वायसोलोन (स्टिरॉइडची गोळी) वाढवून मागा म्हणून. डॉक्टरांनी वाढवली नाही, दोन्ही वेळा काही झालंही नाही.

आणि खरंच झालं तेव्हा हेच भाऊजी गप्प. २०१९ चे गणपती, आम्ही सगळे त्यांच्याकडे लालबागला. आठवडाभर सकाळी संडासात कपडे भिजवल्यासारखा फेस दिसत होता, पाणी ओतलं तरी जात नव्हता. मोदक करायला बसले तर पाय मांडी घालायला वळेनात, नडगीवर अंगठा दाबला तर उकडीत बोट रुतावं तसा खड्डा, आणि तो भरून यायलाच तयार नाही. सासूबाईंनी बघितलं, भाऊजींना हाक मारली. त्यांनी माझा आधीच्या आठवड्याचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट (किडनी रक्तातून गाळते तो कचरा, साचला की आकडा वाढतो) मागवला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "क्रिएटिनिन ०.८ आहे, किडनी मस्त आहे, भांडुप ते दादर रोज उभी येतेस, पाय सुजणारच." आणि मीही ऐकलं, त्याचा राग मला अजून आहे, त्यांच्यापेक्षा स्वतःचाच जास्त.

विसर्जनानंतर गेले तर लघवीचा प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो (लघवीतून किती प्रोटीन गळतंय ते) २.१, म्हणजे बराच जास्त, लघवीत रक्तपेशी, सी३ (रक्तातलं बचावाचं एक प्रोटीन) ५८, म्हणजे कमी. क्रिएटिनिन तेव्हाही ०.९! बायोप्सीत क्लास फोर, म्हणजे किडनीच्या निम्म्या किंवा जास्त गाळण्यांना आजार. मग स्टिरॉइड, मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी), चेहरा पुरीसारखा फुगलेला, आणि रेशो ०.५ च्या खाली यायला दहा महिने लागले. क्रिएटिनिन उशिरा हलतं हो, बऱ्याच गाळण्या खराब झाल्या तरी उरलेल्या काम रेटून नेतात, हे भाऊजींना मी आजही सांगते आणि ते आजही "पण नॉर्मल होतं ना" म्हणतात.

सी३ सी४ चं असं की अँटिबॉडीचे गठ्ठे किडनीत जाऊन बसले की ही प्रोटीनं तिथे खर्ची पडतात, म्हणून रक्तात कमी दिसतात. डीएसडीएनए वर आणि सी३ खाली, दोन्ही एकदम जायला लागलं तर मात्र कान टवकारायचे, लघवी लवकर लवकर तपासायची. काहींचं सी४ जन्मापासूनच कमी असतं, तेव्हा एका आकड्यावर जाऊ नका, तिचा स्वतःचा आधीचा आकडा काय होता ते बघा. आणि लॅब बदलू नका, डीएसडीएनएच्या पद्धती वेगवेगळ्या, आकडे जुळत नाहीत. एएनए (ल्युपस आहे का बघायची पहिली रक्तचाचणी) परत परत करायला सांगणारे भेटतील, ते पैसे वाया, एकदा पॉझिटिव्ह आलं की झालं, आजार किती चढलाय ते त्यातून कळत नाही. त्या पैशात लघवीचा रेशो करा, सकाळची पहिली लघवी द्या, पाळीच्या दिवसांत नको.

मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, आणि माझं रडगाणं म्हणजे तुमच्या बहिणीचा रिपोर्ट नव्हे. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन (ल्युपसची नेहमीची गोळी) कुणी "उष्ण पडते" म्हटलं म्हणून बंद करू नका (आमच्याकडे म्हणून झालंय), डोळे मात्र वर्षाला तपासा. मायकोफेनोलेट चालू असेल आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, ती गरोदरपणात चालत नाही.

आणि लघवी साफ म्हणजे नक्की काय, नुसती रुटीन केलीत की रेशो पण काढलात? सी३ किती आलं तेही लिहिलं नाहीत.