नवीन पुस्तकं आणि ॲप्स कुणाच्या सांगण्यावरून निवडावीत?

तुम्ही लिहिलंय की ‘वाचलीच पाहिजेत’ छापाच्या याद्या बघून चाळीसेक पुस्तकं घेतली, त्यातली चार जेमतेम पूर्ण झाली. ॲप्सचंही तेच, घेतली आणि पडून आहेत. तर मग लोकांच्या शिफारशी ऐकाव्यात का?

ऐकाव्यात. मला आवडलेलं जवळजवळ सगळं कुणाच्या तरी तोंडून कळलेलं आहे. पण यादी करणाऱ्याला तुम्ही कोण, काय वाचता, याची सुतराम कल्पना नसते. ती शिफारस कसली?

मी ठाण्याचा. इथलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं, पण माझं वाचन सुरू झालं ते आमच्या गल्लीतल्या एका खोलीच्या लायब्ररीत. काउंटरवरच्या बाई पुस्तक परत घेताना ‘आवडलं का?’ असं कधी विचारायच्या नाहीत. त्यावर सगळे ‘हो’च म्हणतात. त्या विचारायच्या, “कुठे कंटाळलास?” मी सातवीत होतो. म्हटलं, डोंगर, झाडं, पक्षी यांचं वर्णन आलं की पानं उलटतो. त्यांनी हातात काढून ठेवलेली कादंबरी मागे सरकवली आणि एका डॉक्टरांच्या आठवणींचं पुस्तक दिलं. रात्री जेवताना ते ताटाशेजारी ठेवल्याबद्दल आईचा ओरडा खाल्ला. तेव्हापासून कुणी पुस्तक सुचवलं की मी आधी विचारतो, तुम्ही अर्धवट टाकलेलं शेवटचं पुस्तक कोणतं? ज्याला हे सांगता येत नाही त्याच्या शिफारशीला मी फारसं मनावर घेत नाही.

लायब्ररीत न बोलताही शिफारस मिळते. शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के मारलेला कागद चिकटवलेला असतो, तो बघा. दहा वर्षांत तीन शिक्के असतील तर विचार करा. दोन-तीन महिन्यांत सात-आठ शिक्के दाटीवाटीने पडले असतील, तर कुणीतरी वाचून शेजारणीला सांगितलंय, शेजारणीने बहिणीला. दिवाळी अंकांचं त्याहून सोपं. ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला काढला तेव्हापासून ढीग वाढतोच आहे, सगळे वाचणं कुणाला जमणार? मी डिसेंबरपर्यंत थांबतो आणि लायब्ररीत ज्याचं मुखपृष्ठ सर्वांत आधी निखळलंय तो अंक उचलतो. क्वचितच फसलोय.

ललित मासिक आमच्याकडे वडिलांच्या तरुणपणापासून यायचं (ते १९६४ पासून निघतंय). त्यातली ‘चोखंदळ वाचकांची निवड’ वडील पेन्सिल घेऊन वाचायचे आणि अर्ध्या नावांवर फुली मारायचे. त्या फुल्या मला मूळ निवडीपेक्षा जास्त उपयोगी पडल्या. कारण वडिलांची आवड मला पाठ होती. त्यांनी खोडलेलं बहुधा मला आवडायचं.

आता ॲप्स. इथे जरा जपून, कारण सांगणाऱ्याला पैसे मिळत असतात. फॅमिली ग्रुपवर मावसभावाने एका ॲपची लिंक टाकली, ‘एकदम बेस्ट, घेच’. घेतलं. त्याला शंभर रुपये मिळाले, मला पुढचे सहा महिने कर्ज हवंय का विचारणारे फोन. त्याने ते ॲप स्वतः उघडलेलंही नव्हतं, हे नंतर लग्नात भेटल्यावर कळलं.

म्हणून मी ॲप विचारत नाही, माणसाला ते वापरताना बघतो. एम-इंडिकेटर मला असंच मिळालं. लोकलमध्ये शेजारचे गृहस्थ फोनवर पुढची बदलापूर गाडी बघत होते, मी मान वाकडी करून नाव वाचलं. एवढीच शिफारस. लोकलचं वेळापत्रक मी अजून त्यातच बघतो.

दुसरं उदाहरण मर्लिनचं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं हे फुकट ॲप आवाजावरून पक्षी ओळखतं. एका रविवारी मित्राबरोबर येऊरला गेलो होतो. कुठूनतरी ‘टुक, टुक, टुक’ असा एका लयीत आवाज येत होता. मला वाटलं, कुणी पत्रा ठोकतंय. मित्राने फोन नुसता हातात धरला आणि स्क्रीनवर ‘कॉपरस्मिथ बार्बेट’ उमटलं. म्हणजे आपला तांबट! मग पानं झडलेल्या शेंड्यावर तो दिसलाही, चिमणीएवढा, हिरवा, कपाळावर लाल ठिपका. मित्र लगेच म्हणाला, “ॲपवर जाऊ नकोस, चुकतं ते. डोळ्यांना दिसल्याशिवाय वहीत नाव लिहायचं नाही.” सुचवता सुचवताच त्यातली खोट सांगणारा माणूस मला भरवशाचा वाटतो. घरी येऊन ॲप घेतलं, आठवड्याभराने त्याच्याकडचं पक्ष्यांचं पुस्तक उसनं आणलं. ते अजून माझ्याकडेच आहे, तो दर भेटीत आठवण करून देतो. पक्ष्यांची वर्णनं आली की पानं उलटणारा मुलगा मीच होतो, हे मी त्याला सांगितलेलं नाही.

तुमच्या चाळीसपैकी जी चार पूर्ण झाली त्यांची नावं प्रतिक्रियेत टाका. आणि उरलेल्यांपैकी एखादं साधारण कितव्या पानावर सोडलंत, तेवढं लिहा. मग मी एक नाव सुचवतो. एकच.