एस्ते घराणे : फेरारा गेले, मोदेना राहिले

प्रश्न : इटलीतील एस्ते घराण्याने फेरारा शहरावर शतकानुशतके राज्य केले. असे असताना १५९८ मध्ये लढाई न होता हे शहर त्यांच्या हातून कसे गेले, आणि शेजारचे मोदेना मात्र त्यांच्याकडेच कसे राहिले? या घराण्याचे आज कोणी वंशज आहेत काय?

उत्तर : पादुआजवळच्या एस्ते गावावरून नाव घेतलेल्या या घराण्याकडे १२६४ मध्ये फेराराची आणि १२८८ मध्ये मोदेनाची सत्ता आली. राज्यकर्ता एकच असला, तरी दोन्ही शहरांचे धनी वेगळे होते. मोदेना व त्याच्या शेजारचे रेज्जो पवित्र रोमन सम्राटाच्या अधिकारातले, तर फेरारा पोपच्या मालकीचे मानले जाई. म्हणूनच बोर्सो द'एस्ते याला मोदेनाच्या ड्यूकपदाची सनद १४५२ मध्ये सम्राट तिसऱ्या फ्रेडरिककडून मिळाली, आणि फेराराच्या सनदेसाठी पोप दुसऱ्या पॉलकडे १४७१ पर्यंत थांबावे लागले. पुढच्या सगळ्या घडामोडींचे मूळ या दोन सनदांत आहे.

बोर्सो स्वतः अनौरस होता, आणि त्याच्याआधी गादीवर बसलेला त्याचा भाऊ लिओनेल्लोही. त्या काळी त्याचे कोणाला फारसे वावडे नव्हते. पण १५६७ मध्ये पोप पाचव्या पायसने अनौरस वारसांना पोपच्या जहागिरी मिळण्याची वाट बंद केली. फेराराचा शेवटचा एस्ते ड्यूक दुसरा अल्फोन्सो तीन लग्ने करूनही निपुत्रिक राहिला. चुलतभाऊ चेझारे हाच वारस उरला. परंतु चेझारेचे वडील हे पूर्वीचा ड्यूक पहिला अल्फोन्सो आणि लाउरा दियांती यांचे पुत्र, आणि त्या दोघांचा विवाह झाला होता हा घराण्याचा दावा रोमने कधीच मानला नाही. सम्राट रुडॉल्फने मात्र मोठी रक्कम घेऊन चेझारेच्या वारसाहक्काला मान्यता दिली. मोदेना वाचले ते त्यामुळे.

ऑक्टोबर १५९७ मध्ये अल्फोन्सो वारला. पोप आठव्या क्लेमेंटने चेझारेला धर्मबहिष्कृत केले आणि आपला पुतण्या, कार्डिनल पिएत्रो आल्दोब्रांदिनी, याला सैन्य देऊन धाडले. बहिष्कृत राजाच्या मदतीला कोणी येईना. वाटाघाटींसाठी चेझारेने अल्फोन्सोची बहीण लुक्रेझिया हिला फाएन्झाला पाठवले, ही त्याची निवड माझ्या मते अनाकलनीयच, कारण तिचे त्याच्या कुटुंबाशी हाडवैर होते. तिने फेरारा देण्याचा करार केला आणि महिन्याभरात मरताना आपली बहुतेक मालमत्ता त्याच आल्दोब्रांदिनीच्या नावे केली! राजवाड्यातली बेल्लीनी व तिशियनची चित्रेही तो रोमला घेऊन गेला. जानेवारी १५९८ अखेर चेझारे मोदेनाला निघाला.

मोदेनाच्या एस्ते घराण्याची पुरुषशाखा ड्यूक तिसरा एर्कोले याच्याबरोबर १८०३ मध्ये संपली. त्याची मुलगी मारिया बेआत्रीचे हिचा विवाह ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूकशी झालेला असल्याने 'ऑस्ट्रिया-एस्ते' हे नाव पुढे हाब्सबर्ग घराण्यात चालत राहिले. १९१४ मध्ये सारायेव्होत मारला गेलेला फ्रान्झ फर्डिनांड हेच नाव लावत असे, आणि ते त्याला १८७५ मध्ये मोदेनाच्या अखेरच्या ड्यूकच्या वारसाबरोबर मिळाले होते. हा ड्यूक १८५९ मध्ये राज्य सोडून जाताना बोर्सोसाठी रंगवलेले बायबल सोबत घेऊन गेला होता. पानोपानी सोनेरी वर्ख आणि सूक्ष्म चित्रे असलेला हा दोन खंडांचा चर्मपत्रग्रंथ १९२३ मध्ये उद्योगपती जोव्हान्नी त्रेक्कानी यांनी विकत घेऊन इटलीला दिला. तो आता मोदेनाच्या एस्तेन्से ग्रंथालयात आहे.